सरदार का विचारत नाही

बाजाराच्या दिवशी माझी आई सकाळी घरातून निघायची आणि दिवेलागणीला परत यायची. ती कुठे जाते, हे आमच्या घरात तिला कोणी विचारलेलं नव्हतं. हे लिहिताना आज माझं मलाच नवल वाटतं, कारण आमचं घर काही मुक्यांचं नव्हतं. आंधळगावात पुढे बाबांचं किराणा आणि बी-बियाण्याचं दुकान, मागे आम्ही, आणि भिंतीला भिंत लागून काकांचं घर. वरणात मीठ कमी का पडलं यावर आमच्याकडे अर्धा तास चर्चा व्हायची आणि शेवटी दोष मिठाच्या कंपनीवर जायचा. पण पायात चप्पल घालून उंबरठ्याशी उभ्या माणसाला ‘कुठे’ म्हणायचं नाही, हे आम्हाला बोलता येण्याआधीच शिकवलेलं होतं. अपशकुन होतो, ज्या कामाला निघालो ते होत नाही. चुकून कोणी विचारलंच, तर निघालेल्या माणसानं पुन्हा आत यायचं, घडीभर टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मग नव्यानं निघायचं. माझा चुलतभाऊ दिन्या लहानपणी हे मुद्दाम करायचा. काका सायकलवर टांग टाकायला आले की ‘कुठे चालले?’ असं खिडकीतून ओरडायचा आणि मार खायचा. काका त्याला मारायला तरी परत आत यायचेच, आणि मारून झालं की पाणी पिऊन निघायचे.

आई काही भांडून जात नव्हती. उलट बाजाराच्या दिवशी तिचं काम रोजच्यापेक्षा नीट असायचं. लाखोळीच्या डाळीचं वरण, भात, अंबाडीची भाजी, सगळं करून ताटाखाली झाकून ठेवायची. आम्हाला पोळ्या. आणि सकाळी अंथरुणातच मला तव्यावरच्या आयत्यांचा वास यायचा. तांदळाच्या पिठाचे पातळ, जाळीदार आयते, ते माझ्या आईच्या हातचे, म्हणजे काय सांगू! पण उठून पाहावं तर ताटात एकही नाही, सगळे डब्यात भरून तिच्या कापडी पिशवीत गेलेले. मग ती केस विंचरायची, धुतलेलं लुगडं नेसायची आणि दारातून म्हणायची, “येतो वो रंजू.” आमच्याकडे बायाही ‘येतो’च म्हणतात. मी ‘हो’ म्हणायची. एस.टी.चा भोंगा ऐकू आला की घर एकदम मोठं वाटायला लागायचं.

मला भीती वाटायची, आणि कशाची ते मला पक्कं ठाऊक होतं. आमच्याच आळीतली एक बाई अशीच पिशवी घेऊन ‘येतो’ म्हणून गेली होती आणि आलीच नव्हती. तिच्या पोरांना आम्ही रोज पाहायचो, त्यांच्या अंगातल्या शर्टांची बटणं कधी जागेवर नसायची. आईही अशीच एखाद्या दिवशी येणार नाही, असं मला वाटायचं. ज्या घरासाठी ती एक आयताही मागे ठेवत नाही त्या घरी ती राहील तरी कशाला, असं काहीतरी वेडंवाकडं डोक्यात यायचं. बाबांना सांगायचं तर बाबा बाजाराच्या दिवशी उजाडायच्या आत पोती हातगाडीवर टाकून बाजारात जाऊन बसायचे. इतक्या लवकर कशाला जातात, तिथे तेव्हा कुत्रंही नसतं, असं काकू म्हणायची. शेजारणी मला म्हणायच्या, “तुही माय आज दिसून नाई राहिली?” आणि डोळे बारीक करायच्या. त्यांना खरंच माहीत नव्हतं, की माहीत असून माझं तोंड पाहायचं होतं, हेही मला कळायचं नाही.

त्याच काळात आमच्या घरात तो सरदार आला.

मी भंडाऱ्याला बी.ए. करत होते, इंग्रजी घेऊन. इंग्रजी का घेतलं, हे विचारू नका. ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. आमच्या मॅडम भल्या होत्या. अभ्यासक्रमात नसलेलं काहीबाही त्या आणायच्या आणि झेरॉक्स काढून वाटायच्या. एकदा त्यांनी एक जुनी कविता दिली, म्हणजे तिचं सोप्या इंग्रजीत केलेलं गद्य. कवी कोण ते कोणालाच माहीत नाही, इतकी जुनी. गोल टेबलाभोवती आपल्या सरदारांना घेऊन बसणारा तिकडचा एक राजा, त्याच्या दरबारातला सगळ्यात लहान सरदार, आणि त्याची भटकंती. घोडा, भाले, बर्फ. हा सरदार एका तळ्याकाठच्या गढीत पाहुणा म्हणून उतरतो. गढीचा धनी त्याला पोटभर जेवू घालतो. पण तिथल्या शेतात काही उगवत नाही, आणि धन्याची लेक रोज पहाटे झाकलेली टोपली घेऊन वेशीबाहेर जाते, संध्याकाळी ओल्या केसांनी परत येते. सरदाराला वाटतं, विचारावं, कुठे जातेस? पण त्याच्या गुरूनं त्याला शिकवलेलं असतं, की पाहुण्यानं भोचकपणा करू नये. तो विचारत नाही. एके दिवशी जागा होतो तर गढी नाही, तळं नाही, तो आपला उघड्या माळावर. विचारलं असतं तर जमीन हिरवी झाली असती, असं त्याला कोणीतरी म्हातारी सांगते, आणि मग बिचारा ती गढी शोधत म्हातारा होतो. शेवटी सापडते. तो विचारतो. ‘आणि तिने सांगितले,’ असं लिहून कविता संपते. काय सांगितलं, ते नाहीच! मी झेरॉक्सचं पान उलटून पाहिलं, मॅडमना विचारलं, दुसरं पुस्तक शोधलं. मॅडम म्हणाल्या की तेच तर सौंदर्य आहे. मला त्यात काडीचं सौंदर्य दिसलं नाही. मला राग आला. बसमध्ये वाचता वाचता राग आला आणि घरच्या वाटेवरचं मोहाडी आलं तेव्हा मी रडत होते, आणि का रडते ते कळत नव्हतं.

दिन्यानं तेव्हा भंडाऱ्याच्या एका कॉम्प्युटर क्लासमधला टाकून द्यायला काढलेला कॉम्प्युटर घरी आणला होता. तो आमच्या दुकानामागच्या खोलीत, युरियाच्या पोत्यांशेजारी मांडला, कारण काकूला तो घरात नको होता. मोठ्ठा डबा मॉनिटर, चालू केला की खालून पिठाच्या चक्कीसारखा घरघरायचा. त्यात त्यानं खेळ बनवायचं एक सॉफ्टवेअर टाकलं होतं. चौकोन चौकोन मांडून गाव बनवायचं, त्यात माणसं सोडायची, माणसाजवळ गेलं की चौकट उघडते आणि तो बोलतो, आपण उत्तर निवडायचं, त्यावर पुढची गोष्ट ठरते. दिन्याला गोष्ट सुचत नव्हती. मी त्याला सरदाराची सांगितली. तो पाय पसरून ऐकत राहिला आणि म्हणाला, “हे बनवू.”

आज माझी लेक मोबाइलवर जे खेळते त्याच्यापुढे आमचा तो खेळ म्हणजे पोरांनी मांडलेली भातुकली. पण आम्ही त्यावर जीव टाकला. सॉफ्टवेअरमध्ये बर्फ तयार होता, धानाची बांधी नव्हती. धान लावायला बांध घालून केलेला वावराचा तुकडा म्हणजे बांधी, ती नसेल तर गाव कसलं! मग दिन्यानं हिरवे चौकोन रंगवून बांध्या केल्या, आणि गढीभोवतीच्या बांध्या मुद्दाम भेगाळलेल्या, करड्या केल्या. तळ्यात त्यानं शिंगाड्याचे वेल सोडले. त्यात मराठी अक्षरं धड उमटत नव्हती, काना एकीकडे, वेलांटी दुसरीकडे. म्हणून प्रत्येक वाक्याचं वेगळं चित्र काढून ते चौकटीत चिकटवायचं. ते काम माझं. माऊसनं ‘रामराम पाहुणे’ लिहून पाहा एकदा, मग कळेल. गोल टेबल सॉफ्टवेअरमध्ये नव्हतंच, म्हणून राजा आणि सरदार आमच्याकडे पंगतीला बसले. वीज जायची तेव्हा अर्धं काम उडायचं आणि दिन्या पोत्यावर बुक्क्या मारायचा.

भानगड झाली ती शकुनाच्या गुणांवरून. दिन्याचं म्हणणं, असल्या खेळात वीराला काहीतरी बळ मोजायला पाहिजे. तलवारीचं बळ होतंच, त्यानं वर शकुनाचं बळ ठेवलं. उजवीकडून भारद्वाज दिसला, शकुन वाढला. मांजर आडवं गेलं, कमी झाला. आणि जाणाऱ्या माणसाला ‘कुठे’ विचारलं की शकुन एकदम खाली. मी म्हटलं, अरे, त्या कवितेत विचारणं हेच तर बरोबर आहे! तो म्हणाला, कवितेत असेल, पण आंधळगावचा कोणता माणूस दारातून निघालेल्या बाईला कुठे चालली म्हणून विचारेल? आम्ही भांडलो. शेवटी असं ठरलं, की विचारलं तर शकुन जाईल, पण रीतीप्रमाणे ती लेक परत आत येईल, टेकेल, पाणी पिईल आणि बोलेल. तेवढं बोलणं झालं की बांध्या हिरव्या होतील. नाही विचारलं तर शकुन शाबूत, पण गढी गायब. मला हे पटलं आणि पटलंही नाही. दोन्हीकडून माणूस मरतो, हा कसला खेळ, असं मी म्हणाले. दिन्या म्हणाला, मला काय विचारते, तुझ्या कवीला विचार.

खेळायला आळीतली पोरं यायची, काका आले, बी-बियाणं न्यायला आलेले शेतकरीही डोकावायचे. आणि एकजात सगळे हरले. ‘विचार’ आणि ‘गप्प राह’ असे दोन पर्याय पडद्यावर आले की बोट न अडखळता ‘गप्प राह’वर जायचं. गढी गायब झाली की म्हणायचे, तुमचा कॉम्प्युटर खराब आहे. दिन्यानं त्यांना सांगून पाहिलं की एकदा विचारून तर पाहा. तर ते दिन्याकडेच वाईट नजरेनं पाहायचे. बाईमाणसाला? निघताना? एकानं तर काकांकडे दिन्याची तक्रार केली.

सगळ्यात जास्त खेळले ते आमचे बाबा. याचं मला अजून आश्चर्य वाटतं. बाबा म्हणजे ताठ माणूस. आमच्या आळीत त्यांच्या ताठपणाची एक गोष्ट सगळ्यांना पाठ होती. आईचं माहेर एकोडी, साकोलीच्या पलीकडे. मी लहान असताना मामाच्या लग्नात भर मांडवात टॉवेल-टोपी देताना धाकट्या जावयाचं नाव आधी पुकारलं गेलं आणि बाबांचं नंतर. बाबा मोठे जावई. भरल्या ताटावरून उठले आणि म्हणाले, या घरचं पाणी पिणार नाही आणि माझ्या घरचं कोणी इथे पाय ठेवणार नाही. मामानं पाय धरले म्हणतात. काही उपयोग झाला नाही. तेव्हापासून आमच्या घरात ‘एकोडी’ हा शब्द कोणी उच्चारत नसे. बसच्या पाटीवर दिसला तरी आई मान फिरवायची. असा हा माणूस दुपारी गिऱ्हाईक नसलं की पोत्यावर बसून एका बोटानं बाण दाबत सरदाराचा घोडा चालवायचा. सुरुवातीला नुसती टिंगल. घोड्याला चारा कोण घालतं? हा पंगतीत जेवला का नाही? मग हळूहळू टिंगल थांबली. गढीत पोचले की ते चष्मा पुसायचे. लेक टोपली घेऊन निघायची, दोन पर्याय यायचे, आणि बाबा समाधानानं ‘गप्प राह’ दाबायचे.

“शहाणा माणूस हाये सरदार,” ते मला म्हणाले. “लोकाच्या घरी जेवाले गेला, अन् त्याइच्या पोरीले कुठं चालली म्हणून इचारन का?”

मग गढी गायब व्हायची. बाबा घसा खाकरायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. असं किती दिवस चाललं! मला त्यांच्यावर चिडावं की त्यांची कीव करावी, ते कळायचं नाही. एकदा त्यांनी मला विचारलं, तुमच्या त्या मूळ कवितेत ती पोरगी जाते तरी कुठे? मी म्हटलं, लिहिलेलं नाही. ते म्हणाले, कसं नाही लिहिलेलं, इतकं सगळं लिहिलं, घोड्याचा रंग लिहिला आणि मुद्द्याचं नाही लिहिलं? मी म्हटलं, मॅडम म्हणतात तेच सौंदर्य आहे. बाबांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की माझी फी वाया चालली आहे हे त्यांना त्या क्षणी समजलं असावं.

आणि मग एका दुपारी त्यांनी ‘विचार’ दाबलं. मी आणि दिन्या मागे उभे होतो. बाबांनी कपाळावरचा घाम पुसला आणि दाबलं. शकुनाचा आकडा घसरला. पडद्यावर ती लेक थबकली, वळली, गढीत परत आली, टेकली. पाणी प्यायली. तिच्या बोलण्याची चौकट उघडली, आणि चौकट कोरी! आम्ही लिहिलंच नव्हतं. आजवर तिथवर कोणी पोचलंच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिथे काय लिहायचं ते मला सुचलं नव्हतं. कवीनं लिहिलं नाही ते मी कुठून लिहू? मी म्हटलं होतं, नंतर पाहू. बाबा त्या कोऱ्या चौकटीकडे पाहत राहिले. कळ दाबली तरी ती जाईना, कारण दिन्यानं पुढचं काही जोडलेलंच नव्हतं. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले नाहीत.

“ही तर काईच नाई बोलली,” ते म्हणाले. आवाज असा, की जणू त्यांचाच काही गुन्हा होता. उठले आणि दुकानात जाऊन बसले. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी भातावर वरण घेतलं नाही, कोरडाच भात खाल्ला. आईनं विचारलं तर म्हणाले, लक्ष नव्हतं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी बाबा बाजारात गेलेच नाहीत. हातगाडी दारात रिकामी. मी उठले तेव्हा ते दुकानाच्या फळीवर बसून दोरीची गुंडाळी करत होते, उगाच, सोडत आणि परत गुंडाळत. आई आत आयते घालत होती. तिला ते घरी असल्याचं दिसलं होतं, तरी तिनं हातातलं काम थांबवलं नाही. वरण-भात झाला, ताटं झाकली, केस विंचरले. माझ्या मनात आलं, आज ही कायमची जाणार, आणि बाबांनाही ते कळलंय. दिन्या दात घासत शेजारी काकांच्या दारात उभा होता, तो तसाच तोंडात ब्रश धरून थांबला. आईनं चप्पल घातली, पिशवी उचलली.

“येतो वो रंजू,” ती म्हणाली.

“कुठं चालली?” बाबा म्हणाले.

दिन्याच्या तोंडातला फेस खाली पडला. आमच्या घरात मोठ्या माणसानं असं कधी केलं नव्हतं. आई दारात उभी राहिली, पाठमोरी. मला वाटलं ती आता वळून न पाहता निघून जाईल. पण रीत माणसाच्या पायात असते. ती वळली. चप्पल काढून आत आली, फळीवर, बाबांपासून जरा दूर, टेकली. मी धावत जाऊन पाण्याचा पेला आणला. ती प्यायली. थोडं लुगड्यावर सांडलं. मग ती भिंतीकडे पाहत, एका दमात बोलली.

“एकोडीले. बाबाले पाहाले. लकवा मारला त्याइले, एक बाजू गेली. दुसरं काई गिळत नाई, माह्या हातचा आयता भिजवून देला त खाते.”

म्हणजे माझे आजोबा. म्हणजे ते आयते. इतके महिने मी जी भीती घेऊन हिंडत होते ती अशी एकदम निघून गेली की मला हसू यायला लागलं, आणि लगेच दुसरी भीती आली. आता बाबा काय करणार? विचारलं आहे, तिनं सांगितलं आहे. शब्द दिलेला माणूस. आता एकतर बायकोला नाही म्हणायचं, नाहीतर भर मांडवात केलेली प्रतिज्ञा मोडायची. तिसरी वाट त्यांनी स्वतःच बुजवून टाकली होती.

“मले मालूम हाये,” बाबा म्हणाले.

आईनं तेव्हा पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. एकोडीच्या बाजूचा कोणी शेतकरी बियाणं न्यायला दुकानात आला होता, त्यानं केव्हाच सांगितलं होतं म्हणे. तेव्हापासून बाबा बाजाराच्या दिवशी अंधारातच घराबाहेर पडायचे, तिला निघताना पाहायला लागू नये म्हणून.

“मालूम होतं?” आई म्हणाली. “त मंग इतके दिवस काहून नाई इचारलं?”

“इचारलं असतं त नाई म्हणा लागलं असतं.”

आईनं रिकामा पेला फळीवर ठेवला. बाहेर बाजाराकडे बैलगाड्या चालल्या होत्या, भोंग्यावर कोणी कांद्याचा भाव ओरडत होता. मग एस.टी.चा भोंगा आला आणि लांब गेला. आईची बस चुकली होती. बाबांनी दोरी खाली ठेवली.

“गेली बस,” ते म्हणाले. “चाल, मी नेतो.”

त्यांनी मोटारसायकल काढली. आई पिशवी मांडीवर घेऊन मागे बसली, एका बाजूला पाय सोडून, आणि बाबांच्या खांद्याला हात न लावता, मागच्या कडीला धरून. आंधळगावातून एकोडी काही जवळ नाही. भंडारा गाठायचं, साकोली गाठायची, मग पुढे. इतक्या लांब ती तशीच कडी धरून गेली असणार, असं मला उगाच वाटतं.

ती दोघं गेल्यावर मी आणि दिन्या कॉम्प्युटरसमोर येऊन बसलो. दिन्या फार खूश होता. म्हणाला, आता चौकटीत लिहून टाक, ‘बाबाले पाहाले.’ सुटला खेळ! मी माऊस हातात घेतला आणि लिहू शकले नाही. कारण मला कळेनासं झालं होतं की सरदारानं विचारायला हवं होतं की नाही. कविता म्हणते, न विचारणं हा दोष. बाबांनी इतके दिवस विचारलं नाही म्हणूनच तर आजोबांच्या पोटात चार आयते गेले. न विचारणं हीच त्यांची परवानगी होती, दुसरी त्यांना देता येत नव्हती. मग त्या सरदारालाही सगळं माहीत असेल तर? मी हे दिन्याला सांगितलं तर तो म्हणाला, तू खेळ बनवते की वकिली करते? त्यानं शकुनाची वजाबाकी काढून टाकली. दुसऱ्या दिवशी मी ती परत घातली. तो खेळ तसाच राहिला. पुढे कॉम्प्युटरची घरघर एकदा थांबली ती थांबलीच, आणि सरदार आमच्यासाठी त्या गढीच्या दारातच राहिला. माझ्या लेकीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, दोन्ही शेवट ठेवायचे ना मग, आई. इतकं सोपं. आम्हाला सुचलं नाही.

आजोबा त्याच वर्षी पावसाळ्यात गेले. तोवर बाबा दर बाजाराला आईला गाडीवर न्यायचे. घरात जायचे नाहीत, एकोडीच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसून राहायचे. मामा बोलवायला यायचा, हे मान हलवायचे. आजोबांच्या मयतीला मात्र आत गेले आणि खांदा दिला. मामा त्यांच्या गळ्यात पडून रडला, तेही रडले. आणि रडून झाल्यावर घसा कोरडा पडला तर पिशवीतून आंधळगावहून भरून आणलेली पाण्याची बाटली काढली आणि तिच्यातलं पाणी प्यायले. मामा बघत राहिला आणि त्याला तशातही हसू आलं. यावर रागवावं की हसावं, हे त्या घरातल्या कोणालाच ठरवता आलं नाही.

बाबा जाऊन आता काही वर्षं झाली. आई माझ्याकडे नागपूरला असते, दुपारी टीव्ही लावून झोपते. मध्यंतरी ती भाजी निवडत बसली होती आणि मी तिला विचारलं, की त्या दिवशी बाबांनी विचारलं ते बरं झालं ना? इतकी वर्षं मी मनात धरलं होतं की हो म्हणेल. निदान हसेल. तिनं निवडलेली मेथी बाजूला सारली.

“बरं झालं असन,” ती म्हणाली. “पण राग आला मले. असा राग त्याइचा मले जन्मात नाई आला. मी चोरावानी जाऊन राहिलो होतो, रंजू. बसमंदी कोणी पाहीन म्हणून डोक्यावर पदर घेऊन, मान खाली घालून. अन् त्याइले मालूम होतं.”